दातेरी चाकांची बखर

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, इंग्लंडमधून माझ्या भाच्याचा फोन आला. नेहमीची खुशाली विचारून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, गाडी कण्हते आहे. जरा ऐकता का?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने फोन आपल्या मोटारीच्या पोटाशी नेऊन धरला. हजारो मैलांवरून, माझ्या पुण्याच्या ओट्यावर, एका म्हाताऱ्या इंग्रजी मोटारीचे कण्हणे ऐकू येऊ लागले. जात्यात डाळीऐवजी वाळू पडावी तसा तो आवाज होता.

हा भाचा पेशाने इंजिनिअर. ऑक्सफर्डच्या जवळपास राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने एक जुनी, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार घेतली. १९६५ सालची एम.जी.बी. बहिणीने कपाळावर हात मारून घेतला होता. "अरे, त्या पैशात घराला नवे स्वयंपाकघर झाले असते," असे ती म्हणाली आणि सून गप्प राहिली. सुनेचे गप्प राहणे अधिक बोलके असते, हे वाचकांना सांगायला नको. आता तीच मोटार कुरकुरू लागली होती. तिथल्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सल्ला दिला होता की, जुनी गिअरपेटी काढून टाका आणि तिच्या जागी दुसऱ्या बनावटीची पाच गिअरची नवी पेटी बसवा. खर्चाचा आकडा ऐकून घरात नव्याने स्वयंपाकघराचा विषय निघाला होता.

मी काही मेस्त्री नव्हे. परंतु आमचे काका एस.टी.त चालक होते आणि लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी खंबाटकीचा घाट कितीतरी वेळा चढलो-उतरलो आहे. गाडीचे दुखणे कानाने ओळखायचे असते, हा धडा तिथलाच. म्हणून मी भाच्याला म्हटले, "अरे, पेटी उघडू नकोस आणि फेकूही नकोस. आधी ती काय म्हणते ते नीट ऐकू." पुढचे दोन आठवडे आम्ही मामा-भाचे फोनवरून त्या गाडीची नाडी पाहत होतो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की, गिअरपेटीच्या प्रत्येक आवाजामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. कुठला आवाज कुठून येतो हे कळायला तो इतिहास कळावा लागतो. तीच ही हकिकत.

मुळात मोटारीला गिअर लागतातच कशाला? बैलगाडीला लागत नाहीत. बैल चढावर मान खाली घालून सावकाश ओढतो, उतारावर पळतो. त्याचा जोर आणि त्याची चाल तोच जुळवून घेतो. पेट्रोलच्या इंजिनाला ही अक्कल नाही. ते एका विशिष्ट वेगाने फिरत असले तरच जोर देते, मंद झाले की बंद पडते. तेव्हा इंजिन वेगाने फिरावे आणि चाके सावकाश, पण जोराने फिरावीत, यासाठी मध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांची जोडी घालावी लागते. चढाला एक जोडी, सपाटीला दुसरी. ती बदलायची कशी, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर पॅरिसच्या पानार-लव्हासॉर या कारखान्यात, एमिल लव्हासॉर नावाच्या इंजिनिअराने १८९१ च्या सुमारास दिले. एका दांडीवर निरनिराळ्या आकारांची दातेरी चाके बसवायची, आणि दांड्याने ती सरकवून समोरच्या चाकांत दाते अडकवायचे. एक चाक एका वेगाने फिरते आहे, दुसरे दुसऱ्याच वेगाने, आणि दोघांचे दाते एकमेकांत घुसवायचे! दोन धावत्या गाड्यांतल्या माणसांनी हस्तांदोलन करावे तसलाच तो प्रकार. खडखडाट व्हायचा, कधी दाते उडायचे. स्वतः लव्हासॉरच आपल्या या युक्तीला रानटी म्हणत असे, पण चालते ना, मग झाले, असेही म्हणत असे, अशी आख्यायिका आहे.

चालले मात्र खरेच. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी शर्यत झाली. लव्हासॉरने ११७८ किलोमीटरांचे ते अंतर ४८ तास ४८ मिनिटांत, जवळजवळ सारा वेळ स्वतः दांडा हातात धरून, कापले. सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर. आज सायकलवालाही हसेल, परंतु त्या वेळी सारे पॅरिस रस्त्यावर लोटले होते. गंमत अशी की, पहिला येऊनही पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही. त्याची गाडी दोन आसनांची, आणि नियम चार आसनांच्या गाडीला बक्षीस देण्याचा! पुढच्याच वर्षीच्या शर्यतीत त्याला अपघात झाला आणि १८९७ साली तो वारला. त्याची सरकती दातेरी चाके मात्र जगभर फिरू लागली.

आता दुसरे पर्व. १८९८ सालचा नाताळ. लुई रनो नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आपल्या हाताने बांधलेली चिमुकली मोटार घेऊन २४ डिसेंबरच्या रात्री मित्रांकडे गेला आणि मोंमार्त्रच्या टेकडीवरचा रू लपिकचा उभा चढ तिने हां हां म्हणता चढून दाखवला. त्या एका रात्रीत त्याला बारा गाड्यांच्या मागण्या मिळाल्या, आणि पुढच्या वर्षी त्याने आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. युक्ती अशी : सर्वांत वरच्या गिअरमध्ये मधल्या दातेरी चाकांची मध्यस्थीच काढून टाकायची. इंजिनाकडून येणारा दांडा आणि चाकांकडे जाणारा दांडा एका रेषेत ठेवून सरळ एकमेकांना जोडून द्यायचे. दलाल गेला की दलालीही गेली आणि कलकलाटही गेला. याला म्हणतात डायरेक्ट, म्हणजे थेट गिअर.

भाच्याच्या गाडीचा चौथा गिअर हा असाच थेट गिअर आहे. आणि आमच्या निदानाची किल्ली मिळाली ती याच रनोच्या युक्तीतून. पण तिकडे जाण्यापूर्वी आणखी दोन पर्वे सांगितली पाहिजेत.

दातेरी चाकांचे दाते पूर्वी सरळ कापलेले असत. सरळ दाता समोरच्या दात्यावर एकदम, सगळ्या रुंदीने आदळतो. असे सेकंदाला शेकडो वेळा झाले की त्याचा सूर लागतो. जुन्या बसगाड्या चढाला लागल्या की जो 'ऊंऽऽ' असा करुण सूर निघे, तो हाच. दाते तिरपे कापले तर ते एकमेकांवर हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत भिडतात आणि आवाज पुष्कळ कमी होतो. आंद्रे सित्रोएनने पोलंडमध्ये पाहिलेल्या कोनाकृती दात्यांच्या चाकांवर आपला पहिला धंदा उभा केला. पुढे १९१९ पासून त्याच्या मोटारींवर जे दोन उलटे कोन दिसू लागले, ते चिन्ह म्हणजे दुसरेतिसरे काही नसून त्या चाकाचे दातेच होत.

आवाज कमी झाला तरी गिअर बदलतानाचा खडखडाट राहिलाच होता. त्यावर चालकांनी आपापल्या हातापायांनी उपाय शोधला. आमचे काका त्याला 'डबल क्लच' म्हणत. घाट चढताना खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबून दांडा मोकळा करायचा, क्लच सोडायचा, किंचित रेस द्यायची म्हणजे आतली चाके वेग घेतात, मग पुन्हा क्लच दाबून गिअर अलगद टाकायचा. हे सगळे दोन सेकंदांत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. त्या पिढीच्या अवजड गाड्यांवर जे चालक तयार झाले, त्यांच्या डाव्या पायात संगीत होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. गिअर खडखडला की काका स्वतःवरच चिडत आणि मागे वळून उतारूंकडे न पाहता म्हणत, "चुकलं बुवा."

ही तारेवरची कसरत साध्या माणसाला जमणे कठीण. अमेरिकेत अर्ल टॉमसन या इंजिनिअराने तिला यंत्रातच उत्तर शोधले आणि १९२८ साली कॅडिलॅक मोटारींत ते प्रथम आले. त्याचे नाव सिंक्रोमेश. कल्पना सोपी आहे. दाते एकमेकांत शिरण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराचा भाग दुसऱ्यावर घासायचा. घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात आणि मग दाते मुकाट्याने अडकतात. पुढे हे घासण्याचे काम पितळी कड्यांकडे आले. लग्न ठरवताना आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून बोलून घ्यावे आणि मग अंतरपाट दूर व्हावा, तसेच हे. इंग्लंडात ही सोय प्रथम व्हॉक्सहॉल कंपनीने आपल्या कॅडेट मोटारीत आणली. बेडफर्ड गाड्या बनवणारी कंपनीही हीच!

आता आपल्या रुग्णाकडे वळू. एम.जी. ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची आहेत. सायकली दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या विल्यम मॉरिसचे ऑक्सफर्डमधले ते विक्रीचे दुकान. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस मोटारींच्या सांगाड्यावर देखण्या, चपळ गाड्या बांधण्याचा नाद केला आणि १९२९ साली हा व्याप थेम्सकाठच्या ॲबिंग्डन गावी गेला. १९६२ साली तिथून एम.जी.बी. बाहेर पडली. १७९८ सी.सी.चे इंजिन, चार गिअर. अठरा वर्षांत तिच्या सर्व प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. आज या गाड्यांना जन्मदाते नाहीत. त्यांचे जे काही करायचे ते पोशिंद्यांनीच करायचे.

१९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.मध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रो होते, पहिल्याला नव्हते. पहिल्या गिअरचे दातेही जुन्या पद्धतीचे, सरळ. म्हणजे १९६५ ची ही गाडी जणू तीन पिढ्या एका छपराखाली नांदवणारे एकत्र कुटुंब होते. पहिला गिअर लव्हासॉरच्या काळचा, मधले दोन टॉमसनच्या काळचे, आणि चौथा रनोची आठवण सांगणारा.

पहिल्या दिवशी मी भाच्याला विचारले, "गाडी उभी असताना, गिअर न टाकता, इंजिन चालू ठेवलेस तर आवाज येतो?"

"येतो."

"आता क्लच दाब."

"थांबला, मामा!"

"सोड."

"पुन्हा आला."

हा पहिला पुरावा. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध तुटतो, पेटीतली चाके थांबतात. आवाजही थांबला, म्हणजे दोष पेटीच्या आत. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा ठरला असता. या गाडीत ते ग्रॅफाइटचे असते आणि झिजून झिजून संपते.

दुसरा पुरावा रस्त्यावर मिळायचा होता. मी त्याला सांगितले की, रिकाम्या उताराच्या रस्त्यावर गिअर मोकळा करून, इंजिन अगदी मंद ठेवून गाडी नुसती घरंगळू दे. तो म्हणाला, चाकांच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज अजिबात नाही. म्हणजे मागचे डिफरन्शियल आणि तिकडे जाणारा लांब दांडा निर्दोष सुटले.

तिसरा पुरावा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की घरघर वाढते. चौथा टाकला की जवळजवळ शांत.

इथे रनो मदतीला धावून आला. चौथ्यात शक्ती सरळ जाते. मधली चाके फिरतात, पण त्यांच्यावर भार नसतो. पहिल्या तीन गिअरमध्ये मात्र ती खालच्या बाजूच्या एका जोडचाकामार्फत वळसा घालून जाते. चार दातेरी चाके एकाच तुकड्यात कोरलेले हे जोडचाक लेशाफ्ट नावाच्या एका स्थिर दांड्याभोवती सुईसारख्या बारीक रोलरांवर फिरते. पुढच्या दांड्याचे बेअरिंग बिघडले असते तर चौथ्यातही आवाज राहिला असता. एकाच गिअरचे दाते तुटले असते तर एकाच गिअरमध्ये आला असता. तीनही गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता, याचा अर्थ एकच : लेशाफ्ट आणि त्याचे रोलर झिजले आहेत. या पेट्यांचे हे जुनेच दुखणे आहे.

आणखी दोन तक्रारी होत्या. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना 'खर्र' होई. ते पितळी कडे झिजल्याचे लक्षण. "आणि मामा, पहिल्या गिअरमध्ये एक वेगळाच सूर आहे, रडल्यासारखा." त्यावर मला हसू आले. "अरे, तो आजार नव्हे. ते सरळ दाते आहेत. तुझी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीही अशीच रडत होती. तो सूर काढायला जाऊ नकोस."

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. छाती न उघडता आतले कळावे, एवढाच त्याचा हेतू. आमच्याकडचे मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पेटीला लावतात आणि मूठ कानाशी धरतात, तीही तीच विद्या. भाच्यानेही तसेच केले आणि पेटीच्या खालच्या अंगाला आवाज जास्त आहे असे कळवले. संशय उरला नाही.

आवाज बंद करण्याचा एक सोपा मार्गही असतो, तो सांगून ठेवतो. जुन्या गाड्या विकणारे काही बिलंदर दलाल पेटीत लाकडाचा भुसा घालत, कोणी केळीची सालेही कोंबत, असे मोटारवाल्यांच्या गप्पांत नेहमी ऐकू येते. चार दिवस गाडी मूग गिळून बसते, पाचव्या दिवशी गिऱ्हाईक कपाळाला हात लावते. दाट तेल ओतणे हा त्याचाच सभ्य प्रकार. भाच्यालाही कोणीतरी ते सुचवले होते. पण या पेटीला इंजिनाचेच तेल लागते. गिअरसाठीच्या काही दाट तेलांतली गंधकयुक्त द्रव्ये पितळी कड्यांनाच खातात. दुखणे झाकायला जावे आणि नवे दुखणे जडावे!

अखेर पेटी उघडायचे ठरले. ते सोपे नव्हते. या गाडीत इंजिन आणि गिअरपेटी बहुधा एकत्रच वर उचलून काढावी लागते. भाच्याने भाड्याने उचलयंत्र आणले, शेजारचा एक वृद्ध इंग्रज मदतीला आला आणि सुनेने नाइलाजाने कंदील, म्हणजे विजेरी, धरली. तेल काढले तर ते चंदेरी झाले होते. लोखंडाचा बारीक कीस. लोहचुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटल्या. लेशाफ्ट बाहेर काढला तेव्हा, ज्या बाजूला भार येतो त्या बाजूला त्याच्या गुळगुळीत अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. बाकीचे दाते मात्र, साठ वर्षांनंतरही, धड होते.

नवा लेशाफ्ट, सुईरोलर, बेअरिंगे, पितळी कडी, सील आणि कागदी गॅस्केटे, एवढेच काय ते सामान लागले. ज्या गाडीचा कारखाना १९८० साली बंद झाला, तिचे सुटे भाग आज टपालाने घरी येतात, ही हौशी माणसांची किमया. १९७५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तर १९८८ पासून एम.जी.बी.चे अख्खे पत्र्याचे सांगाडे पुन्हा बनवायला सुरुवात केली.

जोडणीत खरी कसोटी त्या सुईरोलरांची. मूळ दांड्याच्या जागी तात्पुरता एक आखूड दांडा घालून रोलर जागच्या जागी धरून ठेवायचे, जोडचाक पेटीच्या तळाशी निजवायचे, वरचा दांडा बसवायचा, मग जोडचाक उचलून खरा लेशाफ्ट ढकलायचा. तो आत जाताना तात्पुरता दांडा आपसूक बाहेर पडतो. भाच्याला हे तिसऱ्या खेपेस साधले. पहिल्या दोन खेपांना काय झाले, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

खर्च? गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या पावपटही झाला नाही. पण मला आनंद झाला तो वेगळ्या कारणाने. पाच गिअरची नवी पेटी बसवली असती तर गाडी कदाचित अधिक सुखाची झाली असती, यात शंका नाही. कोणी तसे करतो, त्याला मी दोष देणार नाही. परंतु त्या एका निर्णयासरशी लव्हासॉर, रनो आणि टॉमसन तिघेही त्या गाडीतून उतरून गेले असते, आणि ते का गेले हे कोणालाच कळले नसते. कारण त्यांचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. न ऐकता बदलणे आणि ऐकून बदलणे यांत फरक आहे. माणसांच्या बाबतीतही तो असतोच.

आता रस्त्यांवर विजेच्या मोटारी येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींना गिअर बदलावेच लागत नाहीत. विजेची मोटर थांबल्या जागेपासूनच जोर देते, बैलासारखी. म्हणजे लव्हासॉरने सोडवलेला प्रश्नच उरत नाही. हे चांगलेच आहे. डबल क्लच मारणारी शेवटची पिढी केव्हाच निवृत्त झाली. आमचे काकाही आता नाहीत.

दिवाळीच्या पाडव्याला भाच्याचा पुन्हा फोन आला. या वेळी गाडी चालत होती आणि फोन सुनेच्या हातात होता. दुसरा, तिसरा, चौथा गिअर गेला, घरघर कुठेच नव्हती. मग चढ लागला, गाडी थांबली आणि भाच्याने पहिला गिअर टाकला. 'ऊंऽऽ' असा बारीक सूर निघाला आणि वर वर चढत गेला.

"मामा," सून म्हणाली, "हा आवाज अजून येतोच आहे हो."

"येऊ दे," मी म्हटले. "तो खंबाटकीचा आहे."